रान दाखवताना

ज्वारी काढून दीड महिना झाला होता. कणसं खुडून झाली होती, कडबा घराशेजारी रचून झाला होता, आणि रानात उरली होती नुसती धसकटं. शहाणा माणूस अशा वेळी ट्रॅक्टरवाल्याला निरोप धाडतो आणि लिंबाच्या सावलीला जाऊन पडतो. मालनबाई मात्र कुदळ घेऊन एकेक धसकट मुळासकट उकरत होती. तेही दुसऱ्यांदा, एप्रिलच्या उन्हात, आणि अनवाणी.

"आत्या, हिरवं पान दिसंना कुठं. काय उपटायलात तुम्ही?" सून प्रेरणा बांधावरून ओरडली. तिच्या हातात पाण्याची कळशी होती आणि कपाळावर आठ्या होत्या.

"खालच्या पट्ट्यात एखादं राहिलं आसंल."

"तिथं काल मी स्वतः पाहिलंय. माती बी चाळून घ्यायची का आता?"

खालचा पट्टा म्हणजे नाल्याकडचा उतार. तिथं ओल टिकते. गेल्या साली ज्वारी कापल्यावर अवकाळी पाऊस पडला, आणि बाकी रान वाळलं तरी त्या पट्ट्यात धसकटांना हिरवे फुटवे आले. मग ऊन तापलं, फुटवे वीतभर वाढून खुरटले. असला खुरटा फुटवा म्हणजे जनावराला निव्वळ विष. शेतातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. मालनबाईची तर शेतात हयात गेली होती.

कळशीतलं पाणी पिताना तिनं पाय वर घेतले, तेव्हा प्रेरणाला तळव्यांच्या भेगा दिसल्या. भेगांत माती भरली होती आणि एकीतून रक्त आलं होतं.

"चपला घाला की हो. वर्ष झालं तुमचं हे. तुमचा ल्योक आकाश चिकलठाण्याहून नवा जोड घेऊन आला, त्यो बी ट्रंकेमागं टाकलाय तुम्ही. लोक म्हनतेत, सुनेनं सासूला अनवाणी ठेवलंय."

"लोकांचं काय घेऊन बसलीस."

"त्यांचं नाय घेत. पण तुमचं काय हाये ते तरी सांगा!"

सांगण्यासारखं असतं तर मालनबाईनं कधीच सांगितलं असतं. ती उठली आणि परत कुदळ मारू लागली.

*

झालं होतं ते असं.

दर उन्हाळ्यात अजिनाथ मेंढपाळ आपली दोनशे मेंढरं घेऊन गावात उतरायचा. बरोबर बायको राजाबाई, म्हातारा बाप मल्हारराव, दोन कुत्री आणि घोड्यावर लादलेला संसार. शेतकरी त्याची मेंढरं आपल्या रानात रात्रीची बसवून घ्यायचे. लेंड्यांचं खत फुकट पडायचं, अजिनाथला धान्य मिळायचं. मेंढरं बसवायच्या आधी एक रिवाज होता. रानाचा धनी मेंढपाळाला सगळी हद्द पायांनी फिरवून दाखवायचा. विहीर कुठं उघडी आहे, फवारणी कुठं झाली आहे, सापाचं वारूळ कुठं आहे. याला रान दाखवणं म्हणतात. धन्यानं दाखवलं की मेंढपाळ मग आपल्या डोळ्यांनी तपासत बसत नाही. तपासलं तर तो धन्याचा अपमान.

गेल्या साली मेंढरं आली त्या सकाळी मालनबाईनं राजाबाईला दोन गरम भाकरी आणि ठेचा दिला होता. राजाबाईनं हसून पदरात घेतला. मालनबाई लाकडं आणायला घरामागं गेली, आणि तिथून तिनं पाहिलं: राजाबाईनं इकडं तिकडं बघितलं आणि दोन्ही भाकरी कुत्र्यापुढं टाकल्या.

मालनबाईचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. त्याआधी ते कोण होते, हे गावात कुणी विसरलं नव्हतं. चहाची कपबशी वेगळी ठेवणारी घरं तिनं लहानपणी पाहिली होती. पण ते दिवस गेले असं तिला वाटत होतं, आणि म्हणून ती भाकरी तिला जास्त लागली. तिची तळपायाची आग मस्तकाला गेली.

संध्याकाळी ती अजिनाथला रान दाखवायला गेली. सगळं फिरून झाल्यावर त्यानं रिवाजाप्रमाणं विचारलं, "मावशी, ज्वारीचा फुटवा हाये का कुठं?"

"नाय," मालनबाई म्हणाली. "समदा उपटलाय."

एक शब्द. तिला वाटलं होतं, एखादं मेंढरू लोळेल, जरा अद्दल घडेल. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, अजिनाथ बाजारला गेलेला असताना, सतरा मेंढरं खालच्या पट्ट्यात तडफडून मेली. तोंडाला फेस, पाय ताठ, पोटं फुगलेली. एकटी राजाबाई या मेंढराकडून त्या मेंढराकडं धावत होती आणि त्यांच्या तोंडात ताक ओतत होती. मालनबाईही धावली. तिनंही ताक ओतलं. पण फुटवा होता, हे तिच्या तोंडातून निघालं नाही, आणि पुरावा म्हणाल तर तो मेंढरांनीच बुडख्यापर्यंत खाऊन टाकला होता.

जनावरांचा डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला, तोवर सगळी पुरली होती. काहीतरी विषारी खाल्लं, एवढं सांगून तो गेला. मग शेजारच्या बद्रीनाथच्या मिरचीवर संशय गेला. त्यानं आदल्या दिवशी औषध मारलं होतं. म्हणजे मेंढरं बांध ओलांडून गेली, म्हणजे राखणाऱ्या राजाबाईचा डोळा लागला. राजाबाई रडत कबूल झाली की हो, लागला होता, घटकाभर. त्या एका डुलकीवर सगळं खापर फुटलं.

त्या रात्रीपासून मालनबाईनं चपला सोडल्या. आवडीचं मटण सोडलं. देवाची माफी मागणं मात्र सोडलं नाही. सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा. त्यांच्या पत्र्याच्या देवळात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. पाळकसाहेब मोटारसायकलवरून यायचे आणि त्यांच्या हातून सगळी मंडळी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घ्यायची. त्यासाठीची रोटी वीस वर्षं मालनबाईच्या हातची असायची. वर्षभर ती प्रेरणा करत होती, आणि मालनबाईला नेमकं त्याच रविवारी काहीतरी व्हायचं. एकदा गुडघा, एकदा ताप, एकदा शेळी व्यायली. अकरा रविवार झाले. शेळ्या तरी किती वेळा विणार!

*

बुधवारी मेंढरं आली.

धूळ आधी दिसली, मग घंटा ऐकू आल्या. मालनबाई हापशावर पाणी भरत होती, आणि तिथंच राजाबाई घागर घेऊन आली. मालनबाईनं आधी तिचे पाय पाहिले. भेगाळलेले, काळे पडलेले, अनवाणी.

"सलाम, मावशी," राजाबाई खाली बघत म्हणाली. पूर्वी ही बाई हापशावर आली की सगळी आळी हसायची. आता तिचे गाल बसले होते.

"राजे, पायात काय नाय तुझ्या?"

"बिरोबाला बोललेय. माझ्या हातून सतरा जीव गेले. फिटंस्तवर घालायच्या नाय." तिनं हापशाचा दांडा धरला. "तुमच्या रानात गेले, तुमच्या बी जिवाला घोर लावला. मामंजी वरीसभर बोलले नाय माझ्याशी. ताट बी ह्यांच्या हातनं मागत्यात. आन् खरं हाये मावशी, मी झोपले व्हते. देवानं बघितलं."

दांडा वर खाली होत राहिला. मालनबाईची घागर भरून वाहू लागली तरी तिच्या लक्षात आलं नाही. आजवर तिला सतरा मेंढरं दिसत होती. अठरावा जीव अजून तडफडतोय, हे तिला आज दिसलं.

"उद्या सांजच्याला रान दाखवा म्हनलेत ह्ये," राजाबाई जाताना म्हणाली. "औंदा मी मागंच थांबन. माझं त्वांड नको."

*

सारजाबाईचं वय ऐंशीच्या पुढं. डोळे गेले होते, पण देवळाची किल्ली अजून तिच्याच कमरेला होती. दुपारी ती देवळाच्या पडवीत बसून चिंच फोडत होती. बोटांनी चाचपून चिंचोका बाजूला, गर बाजूला. डोळसाला जमणार नाही असं सुबक काम.

"ये मालन," ती म्हणाली. "वरीस झालं ऐकायले, चपलांचा आवाज नाय तुझ्या."

मालनबाई शेजारी बसली. एक चिंच उचलली, ठेवली. मग सगळं सांगितलं. भाकरी, कुत्रं, फुटवा, 'नाय' हा शब्द, आणि राजाबाईचे पाय. देवाशिवाय कुणाला सांगायची ही पहिलीच वेळ. शेवटचं निम्मं तिनं कुजबुजूनच सांगितलं.

सारजाबाईचे हात थांबले होते. "वंगाळ केलंस," ती म्हणाली. "लई वंगाळ."

"व्हय."

"देवाला सांगितलंस?"

"रोज सांगते. दोन टायमाला."

"मग त्यो काय म्हनतो?"

"काय म्हननार मावशी. मला काय ऐकूच येत नाय."

"येईल कसं? तूच बोलत बसलीस. आगं, पहिल्या दिशी मनापासनं सांगितलंस ना? तवाच त्यानं माफ केलं. दुसऱ्या दिशी तू परत त्येच घेऊन दारात. त्यो म्हनला आसंल, ही बाई कशाबद्दल बोलायली?"

मालनबाईला हसू आलं आणि त्याचीच लाज वाटली. "इतकं सोपं आसतंय व्हय? सतरा मुके जीव, आन् त्या बाईचं वाटोळं, आन् मी नुसतं चुकलं म्हनायचं?"

"सोपं?" म्हातारीचा आवाज एकदम चढला. "त्याला सोपं नव्हतं. त्याच्या हातापायात खिळे ठोकले, मालन. तुला फुकट हाये, कारन त्यानं सोसलंय. आन् तू आता तळवे भाजून त्यात भर घालायलीस! त्याचं कमी पडलं का? तुझं पाप त्याच्या मरणापरीस मोठं हाये, आसं म्हननं हाये का तुझं?"

मालनबाईनं मान खाली घातली. असं तिनं कधी बघितलंच नव्हतं. तिला वाटत होतं, आपण पाय भाजतोय ही नम्रता. ती तर उलट ताठ्याची गोष्ट निघाली. स्वतःच गुन्हेगार, स्वतःच फौजदार, आणि देव बापडा दारात उभा.

"मग राजाबाईला सांगायचं नाय का? देवानं माफ केलं म्हनून गप बसू?"

"आसं कोन म्हनलं? सांगायचंच. उद्याच सांग. पन माफी मिळावी म्हनून नको सांगू. माफी मिळालीया म्हनून सांग. भीत भीत सांगितलंस तर निम्मं झाकशील."

"आन् त्यांनी माफ नाय केलं तर?"

"नाय करतील. त्यांचा हक हाये. पन त्यानं देवाची माफी माघारी जात नसती."

"माझ्या दोन शेळ्या देऊ का त्यांना?"

"दे की. त्यांचं नुकसान केलंस म्हनून दे. देवाला दिल्या आसं समजू नको. त्यो शेळ्या राखत नाय."

मालनबाई रडली. वर्षभर ती रडत होतीच, पण ते रडणं उशीत तोंड खुपसून, भीतीचं होतं. हे वेगळं होतं. सारजाबाईनं चिंचेच्या चिकट हातानं तिची पाठ चोळली आणि लुगडं खराब केलं.

*

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा मालनबाई रानाच्या तोंडाशी उभी होती. अजिनाथ आला, काठी टेकत मल्हारराव आला. मेंढरं नाल्याकाठी उभी होती आणि राजाबाई म्हणाल्याप्रमाणं त्यांच्याजवळच थांबली होती.

"राजाबाईला बोलवा," मालनबाई म्हणाली.

"तिचं काय काम?" अजिनाथ म्हणाला.

"तिचंच काम हाये."

सगळे हद्द फिरले. विहीर दाखवली, वारूळ दाखवलं. राजाबाई दहा पावलं मागून येत होती. खालच्या पट्ट्यापाशी आल्यावर मालनबाई थांबली. माती पायाला भाजत होती. अजिनाथनं सवयीनं विचारलं, "फुटवा हाये का कुठं, मावशी?"

"औंदा नाय. दोनदा उकरलंय." तिनं श्वास घेतला. "गेल्या साली व्हता. हितंच, ह्या पट्ट्यात, वीत वीत. तुम्ही इचारलं आन् मी नाय म्हनाले. मला ठावं व्हतं. तुमची मेंढरं फुटवा खाऊन मेली. बद्रीनाथच्या मिरचीत गेलीच नाय ती. राजाबाईचा कायबी दोष नाय."

नाल्याकडून एक कोकरू ओरडलं. अजिनाथला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि त्याच्या मुठीतली काठी वर गेली. मालनबाई हलली नाही.

मल्हाररावानं पोराचा हात धरला. "का, बाई?" त्यानं विचारलं. "आमी काय केलं व्हतं तुमचं?"

"त्या सकाळी राजाबाईनं माझी भाकर कुत्र्याला घातली. मी बघितलं. त्याचा राग. पन भाकर निमित्त. पाप माझं हाये. माझ्या दोन शेळ्या तुमच्या हायेत. सतरा मेंढरांचं त्यात फिटत नाय, मला ठावं हाये."

अजिनाथ थुंकला. "देवाधर्माच्या बाता मारता, आन् मुक्या जनावरांना इख!" असं म्हणून आणखी बरंच बोलला, ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि मालनबाईनं त्यातलं एकही खोटं म्हटलं नाही. मग त्यानं शीळ घातली. मेंढरं मागं वळली. तो तिच्या रानाकडं पाठ करून चालू लागला.

राजाबाई मात्र तिथंच मातीत खाली बसली होती. "म्हंजी मी नव्हते?" ती म्हणत होती. "मामंजी, मी नव्हते? मी नव्हते ना?"

मल्हारराव तिच्यापुढं उभा राहिला. वर्षभर गप्प बसलेल्या माणसाला तोंड उघडायला वेळ लागतो. त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

"नव्हतीस, पोरी," तो म्हणाला. "ऊठ. माती भाजंल बुडाला."

*

बातमी गावभर व्हायला एक रात्र पुरली. सकाळी अजिनाथनं शेळ्या नेल्या, मालनबाईकडं न बघता. घ्यायलाच हव्या होत्या. बद्रीनाथ बांधावर उभा राहून तासभर ओरडला, कारण वर्षभर त्याच्या मिरचीच्या नावानं बोटं मोडली गेली होती. मालनबाईनं ऐकून घेतलं. पिठाच्या गिरणीत बायका तिच्यापासून सरकून उभ्या राहिल्या. प्रेरणा घरी येऊन भांडी आपटत होती.

"आधी मला सांगितलं आसतं तर!"

"आधी मलाच धीर नव्हता, पोरी."

प्रेरणानं एक पातेलं आणखी आपटलं. मग ट्रंकेमागून चपलांचा जोड काढला, पदरानं धूळ पुसली आणि सासूपुढं ठेवला. चपला लाकडासारख्या ताठल्या होत्या. रविवारी मालनबाई त्या घालून, करकर वाजवत देवळात गेली. पडवीत बसलेली सारजाबाई आवाज ऐकूनच हसली.

महिन्याचा पहिला रविवार होता. रोटी मालनबाईनं पहाटे स्वतः केली होती. पाळकसाहेब तुकडा घेऊन समोर आले तेव्हा तिनं दोन्ही हात पुढं केले. हातावर कुदळीचे फोड होते. माफ केलंय, असं कुणी कानात येऊन सांगितलं नाही. पण आज तिनंही काही मागितलं नाही. तिनं तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. वर्षभरानं पोटात काहीतरी खरं गेल्यासारखं वाटलं.

दुपारी घरी आली तर दारात राजाबाई उभी. पायात कोऱ्या चपला, हिरव्या पट्ट्याच्या.

"मामंजींनी आनल्या," ती म्हणाली. "माझ्या मापापरीस मोठ्या हायेत. पन आनल्या."

"ये, आत ये."

तिनं चपला दारात काढल्या आणि उंबऱ्याच्या आत बसली. "ह्यांचा राग गेला नाय," ती म्हणाली. "औंदा मेंढरं तुमच्या रानात बसायची नाय म्हनलेत. म्होरल्या साली बघू, आसं मामंजी म्हनले."

"बरोबर हाये त्यांचं."

"माझा बी गेला नाय समदा. वरीस गेलं माझं, मावशी." तिनं डोळे पुसले. "पन माझ्या मनात बी एक हाये. ती भाकर. खरं हाये ते. मामंजी म्हनले व्हते, त्यांच्या घरचं खाऊ नको. पन हात माझाच व्हता. गरम व्हती भाकर. वास यायला लागला व्हता, खावी वाटत व्हती, आन् मी कुत्र्याला घातली."

मालनबाई उठून चुलीकडं गेली.

"हाये का आज?" राजाबाईनं मागून विचारलं.

भाकरी होती, पण सकाळची. मालनबाईनं नवी थापली. तव्यावरून उतरलेली, फुगलेली भाकरी तिनं ताटात ठेवली, वर ठेचा आणि तेल. राजाबाईनं तिथंच, उंबऱ्याच्या आत बसून खाल्ली. दुसरी मागून घेतली. प्रेरणानं तिसरी न विचारता वाढली. ठेच्यानं तिघींच्या नाकाला पाणी आलं आणि डोळ्यांतलं पाणी त्यात खपून गेलं.

उन्हं उतरल्यावर राजाबाई उठली. "येते, मावशी," म्हणाली आणि पदर खोचून भरभर निघाली. हापशापर्यंत पोचलीसुद्धा. वर्षभराची सवय ती, एका दिवसात कशी जाणार. मालनबाईचं लक्ष दाराकडं गेलं, तर तिच्या ताठलेल्या चपलांना खेटून तो हिरव्या पट्ट्यांचा जोड तसाच पडलेला.

"राजे!" ती आळीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली. "आगं, चपला घाल की!"